बंद पडलेला फिजिकल सर्व्हर रिकव्हरी मीडियावरून पुन्हा उभा करताना

सर्व्हरखोली (धागा)

बॅकअपच्या अहवालात रोज हिरवी खूण येते, आणि तेवढ्यावर सर्व्हर परत मिळेल असं बहुतेक ठिकाणी धरून चालतात. पण सगळं यंत्र कोऱ्या डिस्कवर उतरवायची वेळ आली की काम बॅकअपच्या फाइलपर्यंत पोचायच्या आधीच अडतं. पेनड्राइव्हवरून यंत्र बूट होत नाही. झालं तर डिस्क दिसत नाहीत. डिस्क दिसल्या तर नेटवर्क लागत नाही. पहिल्यामागे बऱ्याचदा फर्मवेअरची बूट पद्धत असते, पुढच्या दोन्हींमागे बहुधा एकच कारण. रिकव्हरी मीडिया ही स्वतंत्र, छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे आणि समोरचं हार्डवेअर तिला स्वतःला ओळखता आलं पाहिजे. मूळ सर्व्हरवर सगळे ड्रायव्हर बसलेले होते, याचा तिला काही उपयोग नाही.

मी विंडोज पीईवर (पेनड्राइव्हवरून चालणारं छोटं विंडोज, पुढे नुसतं पीई) आधारलेला मीडिया धरून लिहितो. लिनक्सवाल्यांनी भर घालावी.

सर्व्हर धडधाकट चालू असतानाच या गोष्टी कागदावर उतरवून घ्या:

- यंत्र यूईएफआयमध्ये (फर्मवेअरची नवी बूट पद्धत) बूट होतं की लेगसी बायोसमध्ये (जुनी पद्धत). सिस्टिम डिस्क जीपीटी की एमबीआर (पार्टिशनांची नोंद ठेवायच्या नव्या-जुन्या पद्धती)
- रेड कंट्रोलरचं (अनेक डिस्क जोडून त्यांचा एक संच, म्हणजे अ‍ॅरे, बनवणारं कार्ड) नेमकं मॉडेल, रेडची पातळी, कोणत्या स्लॉटमध्ये कोणती डिस्क, स्ट्राइपचा आकार
- नेटवर्क कार्डाचं मॉडेल, केबल लागलेल्या पोर्टचा मॅक पत्ता, स्विचवरचा पोर्ट आणि व्हीलॅन (स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क)
- प्रत्येक डिस्कवरची पार्टिशनं, त्यांची अक्षरं आणि क्षमता
- बॅकअप एन्क्रिप्ट होत असेल तर त्याचा पासवर्ड. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की. हे दोन्ही त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठेवलेले असतील तर नसल्यातच जमा.

पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. प्रत्येक यूईएफआय फर्मवेअरला फॅट वाचता येतं, एनटीएफएस काहींना येतं आणि काहींना नाही. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून बॅकअपची इमेज त्याच पार्टिशनवर ठेवायचा विचार सोडा. ती वेगळ्या डिस्कवर किंवा नेटवर्कवर.

ड्रायव्हर दोनच घालायचे: स्टोरेज कंट्रोलर आणि नेटवर्क कार्ड. निर्मात्याकडून मिळणारी ईएक्सई फाइल तशीच टाकून उपयोग नाही. ती उघडून आतल्या आयएनएफ, एसवायएस आणि कॅट फाइल एका फोल्डरमध्ये एकत्र ठेवा. ६४ बिट मीडियाला ६४ बिटच ड्रायव्हर लागतो, सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम काहीही असो.

आणि मीडिया बनला की पहिल्या मेंटेनन्स विंडोमध्ये त्याच सर्व्हरवर बूट करून बघा. तीनच गोष्टी तपासायच्या: डिस्क पूर्ण क्षमतेने दिसतात का, आयपी पत्ता मिळतो का, आणि बॅकअपच्या जागेतली रिस्टोअर पॉइंटांची यादी उघडते का. यादी दिसली की काहीही न लिहिता बाहेर पडा. या तपासणीत डेटाला हात लागत नाही, आणि वर सांगितलेले तिन्ही अडथळे तिथेच उघडे पडतात.

बूटक्रम

उत्तम धागा. पहिल्या अडथळ्याबद्दल लिहितो.

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो. एका नोंदीपुढे यूईएफआय लिहिलेलं असतं, दुसरी नुसती. जी निवडाल त्या पद्धतीने पीई चालू होतं, आणि बरीच रिस्टोअर साधनं पुढे त्याच पद्धतीचं बूट पार्टिशन बनवायला जातात. यूईएफआय सर्व्हरचा बॅकअप लेगसीत चालू केलेल्या मीडियातून उतरवला, तर रिस्टोअर शंभर टक्के पूर्ण झाल्याचं दिसूनही यंत्र उठत नाही. विंडोजचं स्वतःचं सिस्टिम इमेज रिकव्हरी निदान सुरुवातीलाच नकार देतं आणि फर्मवेअर वेगळं असल्याचं सांगतं.

खात्री करायची असेल तर पीईच्या कमांड प्रॉम्प्टवर रजिस्ट्रीतलं एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल या जागेवरचं 'पीईफर्मवेअरटाइप' मूल्य बघा. १ असेल तर लेगसी, २ असेल तर यूईएफआय. दहा सेकंदांचं काम आहे, टाळू नका.

आता सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासू सही नसलेला बूट प्रोग्राम नाकारणारी फर्मवेअरची सोय. जुना मीडिया नव्या किंवा अद्ययावत केलेल्या यंत्रावर अचानक नाकारला जातो, त्याचं कारण इथे असतं. २०२३ मध्ये ब्लॅकलोटस बूटकिटवर (बूट होतानाच चढणारा मालवेअर) मायक्रोसॉफ्टने जो उपाय काढला, त्यात जुन्या बूट मॅनेजरवर सही करणारं २०११ चं प्रमाणपत्र रद्द करण्याची सोय आहे. ती लागू केली की नोंद फर्मवेअरमध्ये बसते. डिस्क बदला, फॉरमॅट करा, ती जात नाही. मग त्याआधी बनवलेला पेनड्राइव्ह त्या यंत्रावर चालत नाही. लिनक्सच्या जुन्या आयएसओंनाही ऑगस्ट २०२४ मधल्या अद्ययावतीनंतर काही यंत्रांवर हाच अनुभव आला. पडद्यावर शिमची (लिनक्सचा पहिला बूट प्रोग्राम) एसबॅट, म्हणजे आवृत्तीची, तपासणी फसल्याचा संदेश येतो.

तातडीचा उपाय म्हणजे रिस्टोअरपुरतं सिक्युअर बूट बंद करणं. खरा उपाय म्हणजे अद्ययावत सिस्टिमवर मीडिया नव्याने बनवणं. सिक्युअर बूट बंद केल्यावर टीपीएमशी (मदरबोर्डवरची सुरक्षा चिप) बांधलेलं बिटलॉकर रिकव्हरी की मागेल, हे लक्षात असू द्या.

डिस्कवेध

डिस्क न दिसण्याची कारणं क्रमाने तपासा. ड्रायव्हर शोधत बसायच्या आधी कंट्रोलरच्या सेटअपमध्ये जा. नव्या डिस्क घातल्यावर व्हर्च्युअल डिस्क (डिस्क जोडून कंट्रोलर ऑपरेटिंग सिस्टिमला दाखवतो ती एक डिस्क) बनवलेलीच नसेल, तर जगातला कोणताही ड्रायव्हर काही दाखवणार नाही. ती आहे आणि तरी दिसत नाही, मग ड्रायव्हर.

पीईमध्ये 'ड्रव्हलोड' कमांडला आयएनएफ फाइलचा पूर्ण मार्ग दिला की ड्रायव्हर चालू सत्रात चढतो. त्यानंतर डिस्कपार्टमध्ये (डिस्क हाताळायची विंडोजची कमांड) 'रीस्कॅन' आणि 'लिस्ट डिस्क'. ड्रायव्हर चढल्याचा संदेश आला आणि डिस्क तरीही नाही, तर बहुधा तो ड्रायव्हर त्याच घराण्यातल्या दुसऱ्या कार्डाचा आहे. आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि कार्डाचा पीसीआय व्हेंडर व डिव्हाइस क्रमांक तिच्यात आहे का ते शोधा. एनव्हीएमई डिस्क असतील आणि फर्मवेअरमध्ये इंटेलचं व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क प्रोसेसरमार्फत सांभाळणारी सोय) चालू असेल, तर त्यालाही स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. तो नसेल तर सगळ्या एनव्हीएमई डिस्क एकदम गायब दिसतात.

याहून महत्त्वाचं: रिस्टोअर खरंच लागणार आहे का, हे आधी ठरवा. फक्त मदरबोर्ड किंवा कंट्रोलर गेला असेल आणि डिस्क शाबूत असतील, तर त्या सुसंगत कंट्रोलरला जोडल्यावर तो 'फॉरेन कॉन्फिगरेशन', म्हणजे दुसऱ्या कंट्रोलरने केलेली मांडणी, सापडल्याचं सांगतो. तिथे दोन पर्याय असतात, इम्पोर्ट आणि क्लिअर. इम्पोर्ट केलंत तर अ‍ॅरे जसाच्या तसा परत येऊ शकतो. क्लिअर केलंत तर अ‍ॅरेची मांडणी पुसली जाते. घाईत हे बटण चुकतं. म्हणून जुन्या डिस्क काढताना प्रत्येकीवर स्लॉटचा क्रमांक लिहा आणि रिस्टोअर नव्या डिस्कवर करा. नवा सर्व्हर दोन-चार दिवस नीट चालेपर्यंत जुन्या डिस्कना कोणीही हात लावायचा नाही.

क्षमतेचा एक सापळा आहे. विंडोज सर्व्हर बॅकअपला लक्ष्य डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी लागते, आत डेटा कितीही थोडा असो. आणि तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क घालूनही ती थोडी लहान भरते, कारण रेड कंट्रोलर वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क एकमेकींच्या जागी चालाव्यात म्हणून क्षमता खालच्या आकड्यावर आणतात. काही एमबींसाठी रिस्टोअर नाकारला जातो. पुढच्या क्षमतेची डिस्क हाताशी ठेवणं हाच निर्धोक मार्ग.

सेक्टरचा आकारही बघा. ५१२ बाइटच्या, किंवा ५१२ चं अनुकरण करणाऱ्या (५१२ई), डिस्कवरची इमेज शुद्ध ४ के सेक्टरच्या डिस्कवर सरळ उतरत नाही. एनटीएफएसच्या बूट सेक्टरमध्येच सेक्टरचा आकार लिहिलेला असतो. डिस्क मागवतानाच ५१२ई आहे ना हे विचारून घ्या.

केबलचं_टोक

नेटवर्कबद्दल, कारण ड्रायव्हर असूनही इथे तासन्‌तास जातात.

मूळ सर्व्हरवर दोन पोर्टांचं टीमिंग (दोन पोर्ट मिळून एकच जोडणी, म्हणजे चॅनेल) असतं आणि स्विचवर त्याच जोडणीसाठी एलएसीपी हा प्रोटोकॉल. पीईमध्ये टीमिंग नाही. स्विचला समोरून एलएसीपीची पाकिटं येत नाहीत आणि तो पोर्ट निलंबित करू शकतो. लिंकचा दिवा लागलेला, पण पिंग नाही. व्हीलॅनचंही तसंच: ट्रंक पोर्टवर टॅग लावून बोलायची सोय साध्या पीईत नसते. त्यामुळे रिस्टोअरपुरता स्विचवरचा एक पोर्ट चॅनेलमधून बाहेर काढा आणि बॅकअपच्या व्हीलॅनमध्ये अ‍ॅक्सेस पोर्ट करून द्या. नेटवर्कवाल्यांना हे आधी सांगून ठेवा. मध्यरात्री त्यांना उठवून समजावण्यात वेळ जातो.

डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) नसेल तर 'नेटशेल'ने पत्ता, मास्क, गेटवे हाताने द्या. बॅकअप सर्व्हर नावाने न बोलावता आयपीने बोलवा, कारण पडलेला सर्व्हरच डीएनएस असेल तर नाव कोण सोडवणार?

शेअरला जोडताना 'प्रवेश नाकारला' आलं तर दोन शक्यता. पहिली, डोमेनचं खातं वापरताय आणि ती खाती तपासणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलरच, पडलाय. बॅकअपच्या पेटीवर एक स्थानिक खातं याच कामासाठी हवं, आणि त्याचं नाव देताना आधी त्या पेटीचं नाव लावायचं. दुसरी शक्यता घड्याळ. मदरबोर्ड बदललाय किंवा सीमॉस सेल उतरलाय, आणि यंत्र भलत्याच वर्षात बूट झालंय. कर्बेरॉस (डोमेनमध्ये ओळख पटवण्याची पद्धत) ५ मिनिटांच्या वर फरक सहसा चालवून घेत नाही, आणि टीएलएस प्रमाणपत्र 'अजून वैध नाही' म्हणून फेटाळलं जातं. बूट झाल्याबरोबर तारीख आणि वेळ बघायची सवय लावा.

वेळेचा अंदाज आधी काढा. एका गिगाबिटवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात. २ टीबीला सुमारे ५ तास. यूएसबी २ वरच्या डिस्कवरून ३५ एमबी धरलेत तर त्याच २ टीबीला जवळजवळ १६ तास. गिगाबिटवरून ३० टीबी आणायचे म्हणाल तर ७५ तासांच्या वर, आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात नसते: विंडोज पीई ७२ तास सलग चालल्यावर आपोआप रीस्टार्ट होतं. एवढा मोठा डेटा असेल तर आधी सिस्टिम डिस्क उतरवा, सर्व्हर उठवा, आणि डेटाचे व्हॉल्यूम चालू विंडोजमधून आणा.

पहिला_प्रश्न

दोन शंका. आमच्याकडे सर्व्हर दुसऱ्या इमारतीत आहेत, जाऊन पेनड्राइव्ह लावणं शक्य नाही. आयडीरॅक किंवा आयएलओवरून (सर्व्हरमधली दुरून नियंत्रणाची चिप, म्हणजे बीएमसी) आयएसओ जोडून पूर्ण रिस्टोअर करणं कितपत योग्य? आणि जुना सर्व्हर लेगसी बायोसचा आहे, बदली यंत्र फक्त यूईएफआय जाणतं. तो बॅकअप वाया गेला का?

सर्व्हरखोली

पहिलं: आयएसओ व्हर्च्युअल मीडियावरून जोडा, पण बॅकअपचा डेटा त्या वाटेने ओढू नका. ती वाहिनी संथ असते. पीईचा गाभा बूट होताना रॅममध्ये उतरतो आणि एक्स ड्राइव्ह म्हणून दिसतो. त्यानंतर बॅकअप थेट सर्व्हरच्या नेटवर्क कार्डातून येऊ द्या. आयएसओ मात्र लॅपटॉपवरून जोडू नका. ब्राउझरची खिडकी बंद झाली किंवा व्हीपीएन तुटलं की जोडणीही तुटते. बीएमसीला एनएफएस, सीआयएफएस किंवा एचटीटीपीवरून आयएसओ उचलता येत असेल तर तो त्याच इमारतीतल्या एखाद्या यंत्रावर ठेवून तिथून जोडा. काही बीएमसींवर रिमोट कन्सोल आणि व्हर्च्युअल मीडिया यांना वेगळा परवाना लागतो, तो आजच तपासा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बूटक्रम यांनी द्यावं.

बूटक्रम

वाया गेला नाही. पूर्ण डिस्क जशीच्या तशी उतरवण्याऐवजी फक्त विंडोजचा व्हॉल्यूम उतरवायचा आणि बूटची व्यवस्था हाताने करायची. तुमचं साधन व्हॉल्यूम पातळीवर रिस्टोअर देत असेल तरच हे जमतं, आणि आतलं विंडोज ६४ बिट हवं.

मीडिया यूईएफआयमध्ये बूट करा. डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि लगेच 'डिटेल डिस्क'. मॉडेल आणि क्षमता कागदाशी जुळवा, कारण पुढची 'क्लीन' कमांड 'नक्की का?' असं विचारत नाही. 'क्लीन'नंतर 'कन्व्हर्ट जीपीटी'. मग ईएफआय पार्टिशन २६० एमबी, फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून त्याला एस अक्षर. मग १६ एमबीचं एमएसआर (विंडोजसाठी राखीव छोटं पार्टिशन). उरलेल्या जागेवर प्रायमरी पार्टिशन, एनटीएफएस, अक्षर डब्ल्यू. (१०० एमबीचं ईएफआय पार्टिशनही चालतं, पण ४ के सेक्टरवर फॅट३२ ला २६० लागतात, म्हणून सरसकट २६० च करावं.)

आता साधनातून जुना सी व्हॉल्यूम डब्ल्यूवर उतरवा. संपल्यावर बूटच्या फाइल बनवणारी 'बीसीडीबूट' कमांड चालवा: स्रोत डब्ल्यूवरचं विंडोज फोल्डर, 'एस' स्विचला एस ड्राइव्ह, 'एफ' स्विचला यूईएफआय. बूटच्या फाइल बनल्याचा संदेश आला पाहिजे. रिकव्हरी पार्टिशन यात येत नाही. ते सर्व्हर उठल्यावर 'रीएजंटसी' कमांडने बघा.

पीईतली अक्षरं आणि मूळ विंडोजमधली अक्षरं यांचा संबंध नाही. पीईत डब्ल्यू असलेला व्हॉल्यूम उठल्यावर सी होऊ शकतो. म्हणून कमांड देताना अक्षरावर नव्हे, लेबल आणि क्षमतेवर भरवसा ठेवा.

डिस्कवेध

यंत्र बदललंय तेव्हा पुढची पायरी विसरू नका. वेगळ्या कंट्रोलरवर उतरवलेलं विंडोज पहिल्याच बूटला निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस', स्टॉप कोड ७बी देतं. रिस्टोअर बरोबर झालेला असतो. उतरवलेल्या विंडोजच्या आत नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नसतो एवढंच. मीडियात घातलेला ड्रायव्हर फक्त मीडियापुरता. परत पीईत या, 'डिझम' कमांडला 'इमेज' म्हणून उतरवलेला ड्राइव्ह द्या, 'अ‍ॅड-ड्रायव्हर'ला ड्रायव्हरचं फोल्डर आणि 'रीकर्स'. इथे मात्र ड्रायव्हर उतरवलेल्या विंडोजच्या आवृत्तीशी जुळला पाहिजे. मीडियाची पिढी इथे मोजायची नाही. हे दोन ड्रायव्हर वेगळे आहेत, हा मुद्दा डोक्यात पक्का बसला की अर्धे निळे पडदे टळतात.

आणि रिस्टोअर सुरू करण्यापूर्वी फायबर चॅनेलच्या केबल काढा, आयस्कझीचं सत्र जुळू देऊ नका. सॅनवरचे (नेटवर्कवरून जोडलेलं सामायिक स्टोरेज) एलयूएन, म्हणजे तिथले डिस्कचे भाग, पीईत साध्या डिस्कसारखेच दिसतात आणि डिस्क क्रमांकांचा क्रम दर बूटला तोच राहील याची हमी नसते. 'सगळ्या डिस्क नव्याने मांडा' असा पर्याय निवडला आणि यादीत एलयूएन असला, तर सर्व्हर वाचवायला गेलेला माणूस डेटाबेस पुसून येतो. बॅकअपची यूएसबी डिस्कही त्याच यादीत असते. विंडोजच्या साधनात ती वगळायचा पर्याय आहे, तो वाचून वापरा.

रिस्टोअर कूर्मगतीने चालला असेल तर कंट्रोलरची बॅटरी बघा. नवी बॅटरी चार्ज होईपर्यंत कॅश राइट-बॅकवरून (आधी कॅशमध्ये लिहून मग डिस्कवर) राइट-थ्रूवर (दर वेळी थेट डिस्कवर) जाते, आणि रेड ५ किंवा ६ वर लिहिण्याचा वेग कोसळतो. अ‍ॅरेचं बॅकग्राउंड इनिशियलायझेशन चालू असलं तर त्यात भर. नेटवर्कला दोष देण्याआधी हे दोन बघावेत.

पेंग्विनवाट

लिनक्ससाठी रीअर, म्हणजे रिलॅक्स-अँड-रिकव्हर हे रिकव्हरीचं साधन. मला ते आवडतं, कारण बचाव प्रतिमा ते चालू सर्व्हरच्याच कर्नल आणि मॉड्यूलांपासून बनवतं. ड्रायव्हर शोधण्याचा बराचसा त्रास तिथेच संपतो.

ईटीसीमधल्या रीअर फोल्डरच्या लोकल कॉन्फमध्ये तीन ओळी पुरतात: आउटपुट आयएसओ की यूएसबी, बॅकअपची पद्धत नेटएफएस, आणि बॅकअपचा पत्ता, उदाहरणार्थ एनएफएस शेअर. 'एमकेरेस्क्यू' फक्त बूटेबल प्रतिमा बनवतं, 'एमकेबॅकअप' प्रतिमा आणि डेटा दोन्ही. आयएसओ मूळ सर्व्हरवरच पडून राहिला तर काय उपयोग, तेव्हा तो बाहेर जातोय याची खात्री करा. रिकव्हरीच्या वेळी त्यावरून बूट करून रूटने आत जायचं आणि 'रीअर रिकव्हर'.

डिस्कचं नाव किंवा आकार बदलला असेल तर ते मायग्रेशन मोडमध्ये जाऊन कोणती जुनी डिस्क कोणत्या नव्या डिस्कवर, हे विचारतं. उत्तर देताना क्षमता नीट बघा. डिस्क लहान असेल तर डिस्कलेआउट फाइल हाताने दुरुस्त करता येते.

बूट न होण्याची नेहमीची कारणं: इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीची छोटी फाइल प्रणाली) नव्या कंट्रोलरचं मॉड्यूल नाही (रीबूट करण्याआधी एमएनटी लोकलमध्ये चरूट करून, म्हणजे उतरवलेल्या सिस्टिममध्ये शिरून, ती बनवणारं ड्रॅकट 'नो-होस्टओन्ली'सह पुन्हा चालवा), एफएसटॅबमध्ये (कोणता व्हॉल्यूम कुठे जोडायचा ती यादी) जुना यूयूआयडी, म्हणजे व्हॉल्यूमचा ओळख क्रमांक, राहिला, किंवा नव्या फर्मवेअरमध्ये बूटची नोंदच नाही. शेवटच्यासाठी 'ईएफआयबूटएमजीआर'ने नोंद घाला. नेटवर्क कार्डाचं नाव ईएनओ१ चं ईएनएस३एफ० झालं तर सर्व्हर उठतो, पण आयपी कशावरच लागत नाही. कन्सोल हाताशी असू द्या. आणि डेटा विस्तारित गुणधर्मांशिवाय उतरवला असेल तर एसईलिनक्सची (लिनक्सची सुरक्षा व्यवस्था) लेबलं जातात, रूटमध्ये 'ऑटोरीलेबल' फाइल ठेवून एकदा रीबूट करा.

नोंदवही

विंडोज उठल्यावरची कामं कोणी लिहिली नाहीत, म्हणून थोडक्यात.

नवं नेटवर्क कार्ड असेल तर जुना आयपी देताना 'हा पत्ता दुसऱ्या अ‍ॅडॅप्टरला दिलेला आहे' असा संदेश येतो. जुनं कार्ड रजिस्ट्रीत भुतासारखं बसलेलं असतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवून ते काढून टाका. डेटा डिस्क ऑफलाइन दिसल्या तर घाबरू नका, सॅन पॉलिसीमुळे (नव्या दिसलेल्या डिस्क ऑनलाइन करायच्या की नाही हे ठरवणारं विंडोजचं सेटिंग) तसं होतं. डिस्क मॅनेजमेंटमधून ऑनलाइन करा. विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन पुन्हा मागितलं जाऊ शकतं. बिटलॉकरचा व्हॉल्यूम चालू विंडोजमधून बॅकअप केलेला असेल तर तो बहुधा उघडा उतरतो, एन्क्रिप्शन नव्याने चालू करावं लागतं. ही पायरी ऑडिटमध्ये हमखास सापडते.

डोमेन कंट्रोलरबद्दल मात्र सविस्तर. दुसरा डोमेन कंट्रोलर चालू असेल तर पडलेल्याची इमेज उतरवण्यापेक्षा नवा सर्व्हर उभा करून तो प्रमोट करणं आणि जुन्याची नोंद साफ करणं बहुतेक वेळा अधिक सुरक्षित. इमेजच वापरायची असेल तर ती व्हीएसएसची (चालू डेटाची सुसंगत प्रत घेणारी विंडोजची सेवा) जाण असलेल्या साधनाची हवी. नुसत्या डिस्क क्लोनवरून उठवलेला फिजिकल डोमेन कंट्रोलर आपण भूतकाळात आहोत हे इतरांना सांगत नाही, जुनेच यूएसएन क्रमांक (प्रत्येक बदलाला मिळणारा अनुक्रमांक) पुन्हा वापरतो आणि त्याचे बदल इतरांकडे पोचत नाहीत. यालाच यूएसएन रोलबॅक म्हणतात. डिरेक्टरी सर्व्हिसच्या लॉगमध्ये २०९५ क्रमांकाची नोंद दिसली तर तेच. टूम्बस्टोनची (डिरेक्टरीतून काढलेल्या गोष्टीची ठेवलेली खूण) मुदत सहसा १८० दिवस असते, त्याहून जुना बॅकअप डोमेन कंट्रोलरसाठी वापरू नये. डोमेनमध्ये तो एकच असेल तर सिस्व्हॉल (डोमेन कंट्रोलरमध्ये सामायिक असणारं फोल्डर) अधिकृत म्हणून उतरवा, नाहीतर तो कधीच न येणाऱ्या जोडीदाराची वाट बघत बसतो.

पहिला_प्रश्न

खूप मदत झाली. सराव करायचा तर चालू सर्व्हरवर कसा करावा? सुटं यंत्र नाही.

डिस्कवेध

सर्व्हर व्यवस्थित बंद करून मूळ डिस्क क्रमांक लिहून बाहेर काढा, सुट्या डिस्क घाला, त्यावर नवी व्हर्च्युअल डिस्क बनवून पूर्ण रिस्टोअर करा. परत आणताना सर्व्हर बंद, सुट्या डिस्क बाहेर, मूळ डिस्क आपापल्या स्लॉटमध्ये. कंट्रोलर फॉरेन कॉन्फिगरेशन म्हणेल, तिथे इम्पोर्ट. हे करण्याआधी ताजा बॅकअप आणि तो वाचता येतोय याची तपासणी, दोन्ही हवेतच. सुट्या डिस्क नसतील तर तोच मीडिया व्हर्च्युअल मशीनवर बूट करून बॅकअप तिथे उतरवा. त्याने ड्रायव्हरची परीक्षा होत नाही, पण बॅकअप, पासवर्ड आणि हाताची सवय यांची होते. ड्रायव्हरसाठी धाग्याच्या सुरुवातीची तीन गोष्टींची तपासणी खऱ्या सर्व्हरवर करा.

केबलचं_टोक

एक भर. सरावात रिस्टोअर पूर्ण झाला की रीबूटच्या आधी नेटवर्क केबल काढा किंवा स्विचचा पोर्ट बंद करा. उठलेल्या प्रतीला आपण प्रत आहोत हे माहीत नसतं. ती शेड्यूल केलेली कामं चालवते, थांबलेले ईमेल पाठवते, आणि तिच्यातला बॅकअप एजंट त्याच साखळीत नवा बॅकअप लिहायला जातो. डोमेनमधलं यंत्र असेल तर कॉम्प्युटर खात्याचा पासवर्डही बदलू शकतो, मग मूळ सर्व्हर परत लावल्यावर डोमेनशी विश्वासाचं नातं तुटल्याचा संदेश येतो.

पहिला_प्रश्न

समजलं. मीडिया किती दिवसांनी नवा करावा?

सर्व्हरखोली

दिवसांवर न ठरवता बदलांवर ठरवा. रेड किंवा नेटवर्क कार्ड बदललं, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती बदलली, बॅकअप सॉफ्टवेअरची मोठी आवृत्ती आली (जुना मीडिया नव्या आवृत्तीच्या बॅकअप फाइल वाचेलच असं नाही), सिक्युअर बूटची प्रमाणपत्रं अद्ययावत झाली, की नवा मीडिया बनवायचा. २०११ ची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून मुदत संपण्याच्या टप्प्यात येतात, त्यामुळे त्याआधी बनवलेले सगळे पेनड्राइव्ह एकदा तपासाच. पेनड्राइव्ह दोन ठेवा, एक सर्व्हरच्या खोलीत आणि एक बाहेर, आणि आयएसओची प्रत बॅकअपच्या जागेतच वेगळ्या फोल्डरमध्ये. प्रत्येकावर चिठ्ठी लावा: कोणत्या सर्व्हरचा, कोणत्या तारखेचा, यूईएफआय की लेगसी, आणि शेवटचा बूट करून कधी पाहिला.